तुये सोडून गेलेल्या घराचा माग

चवथीच्या दिवसांत पेडणे तालुक्यातल्या गावांत असा एखादा पाहुणा हमखास दिसतो. मुंबईहून आलेला, पुण्याहून आलेला, कधी थेट लंडनहून. हातात आजोबांचा फोटो, तोंडात एक नाव, आणि गाव आडनावातच. तो तुयेत उतरतो, पहिल्या दुकानात विचारतो, "तुयेकरांचं घर कुठं?" दुकानदार बुचकळ्यात पडतो. तुयेत राहणाऱ्याला तुयेकर म्हणवून घ्यायची गरज कधी पडली? गावात तो नाईक असेल, परब असेल, गावस असेल, नाहीतर नुसताच 'अमक्याचा झिल'. 'तुयेकर' तो झाला गाव सोडल्यावर, दुसऱ्यांच्या तोंडी.

म्हणून पूर्वजांचा शोध घेणाऱ्याने पहिली गोष्ट ही मनाशी धरावी: 'कर' लागलेलं आडनाव घर कुठून निघालं ते सांगतं. ते कधी निघालं, मधे कुठं थांबलं, आणि निघण्याआधी त्याला काय म्हणत होते, यातलं काहीच सांगत नाही. गोव्याचे माजी मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर हरमलचे. पार्से आणि हरमल, दोन्ही गावं पेडण्यातलीच. म्हणजे परदेशी जावं लागत नाही, शेजारच्या गावात बिऱ्हाड हललं तरी आडनाव चिकटतं. उद्या हरमलच्या पार्सेकरांपैकी कुणी मुंबईला गेला आणि त्याच्या पणतवाने पार्से गाठलं, तर मधलं हरमल त्याच्या हिशेबातून गळून जाईल, आणि जुने कागद असतील नेमके हरमलातच.

त्यातून एकाच नावाची गावं. केरी पेडण्यात आहे, सत्तरीत आहे, फोंड्यातही आहे. शिरोडा फोंडा तालुक्यात आहे आणि वेंगुर्ले तालुक्यातही, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचं. नार्वे दिवाडी बेटावर आहे आणि डिचोलीतही. सुप्रसिद्ध गायिका केसरबाई केरकर फोंड्याच्या केरीच्या. महादजी शिंद्यांचे सेनानी जिवबादादा केरकर पेडण्याच्या केरीचे. आडनाव एक, घरं दोन टोकांना.

जिवबादादांकडे आणखी जरा थांबून बघण्यासारखं आहे, कारण पेडण्यातून बाहेर पडून नाव काढलेल्या माणसांत ते फार आधीचे. कागदोपत्री ते जिवाजी बल्लाळ, लोकांच्या तोंडी जिवबादादा, हुद्द्याने बक्षी आणि गावाने केरकर. चार नावं, माणूस एक. ते इतके मोठे होते म्हणून ही चारही नावं एकाच माणसाची हे आपल्याला ठाऊक आहे. तुमचे पणजोबा गिरणीत साचेवाले असतील, तर त्यांच्या चार नावांची सांगड घालायला इतिहासकार येणार नाही. ते काम तुमचं.

आता थोडा इतिहास, तेवढा ठाऊक नसला तर चुकीच्या दफ्तरात वर्षं वाया जातात. गोव्यावर साडेचारशे वर्षं पोर्तुगीजांचं राज्य होतं हे वाक्य पेडण्याला लागू नाही. तिसवाडी, बार्देश, सासष्टी या जुन्या काबिजादी, म्हणजे आधी जिंकलेला मुलूख. डिचोली आणि सत्तरी पोर्तुगीजांच्या हाती गेल्या १७८१-८२ च्या सुमारास, आणि पेडणे १७८८ मध्ये, सावंतवाडीच्या भोसल्यांकडून. म्हणजे तुयेवर पोर्तुगीज अंमल १७३ वर्षांचा. त्याआधीचा पूर्वज हवा असेल, तर पोर्तुगीज कागदांत त्याला शोधू नका. तो मोडी कागदांत असला तर असेल, सावंतवाडीच्या राज्याशी संबंधित दफ्तरांत, इनामपत्रांत, देवस्थानच्या जुन्या वह्यांत. शिवाय त्या काळी तेरेखोलच्या खाडीपलीकडचं आरोंदं किंवा सातार्डं परमुलूख नव्हतंच. 'आमचं मूळ सावंतवाडीकडचं' असं एक घर सांगतं, आणि भावकीतलंच दुसरं घर सांगतं 'आम्ही पेडण्याचेच'. दोघंही खरं बोलत असू शकतात, सरहद्द मागाहून आली. पलीकडच्या बाजूलाही हीच गंमत. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्याआधीच्या दाखल्यावर 'जिल्हा रत्नागिरी' लिहिलेलं दिसलं म्हणून रत्नागिरी शहराकडे धावू नका, गाव वेंगुर्ल्याचं किंवा सावंतवाडीचं असेल.

शोध सुरू करायचा तो घरच्या ट्रंकेपासून, गावापासून नव्हे. बहुतेक जण उलटं करतात, आधी तुयेला येतात आणि हात हलवत परत जातात. आधी शेवटचा माणूस पक्का करा: गाव सोडून निघालेला. त्याचं नाव, बापाचं नाव, बायकोचं नाव आणि तिचं माहेर, निघाल्याचा अदमास. शाळा सोडल्याचे दाखले, गिरणीचे किंवा गोदीचे कागद, जहाजावर असलेल्याची नली (खलाशाचं नोंदपुस्तक), जुनं रेशनकार्ड, पोस्टाचं पासबुक, लग्नपत्रिका, गावाहून आलेली पत्रं. पत्रांत मजकुरापेक्षा पत्ता आणि शेवटचा 'अमक्यातमक्यास नमस्कार' हा भाग जपून वाचा, ती नावं भावकीची असतात. गावच्या ग्रामस्थ मंडळाची पावतीपुस्तकं मुंबईत कुणाकडे तरी पडून असतात. देवळाच्या सभामंडपात देणगीदारांच्या फरशा असतात, त्यांवर 'मुंबई' असं कंसात लिहिलेली नावं असतात. ख्रिस्ती घर असेल तर धोबीतलाव, माझगावच्या बाजूला गावोगावचे कूड होते, तिथे उतरलेल्यांच्या नोंदी ठेवलेल्या असत.

मग म्हाताऱ्या माणसांकडे बसा, शक्यतो बायकांकडे. पुरुष सांगतात ते वंशाचं मोठेपण. बायका सांगतात कोण कुणाकडे दिली, कुणाची बाळंतपणं कुठं झाली, कुणाशी बोलणं का तुटलं. आणि एक प्रश्न न चुकता विचारा: कुणाचं सुतक धरता? दोन घरांचं नातं नेमकं काय हे गावात कुणाला सांगता येत नसलं, तरी कोण गेल्यावर दहा दिवस पाळायचे हे सगळ्यांना ठाऊक असतं. सुतक पाळणारं घर भाऊबंदांचं. तसंच चवथीचं. मूळ घरात एकच गणपती बसतो आणि त्याच्या खर्चाला कोण कोण हात लावतो, कुणाची पाळी कधी येते, यावरून वांगड, म्हणजे भावकीची शाखा, कळतं. म्हाळाला भटजी बाप, आजा, पणजा अशी तीन पिढ्यांची नावं घेतात. ती वर्षानुवर्षं घेतलेली नावं सहसा चुकत नाहीत, पण ती ठेवणीतली नावं असतात. कागदावर बाबलो असलेला माणूस म्हाळाला पांडुरंग असू शकतो.

एवढं हाती आलं की गोव्यातल्या दफ्तरांची पाळी. प्रत्येक तालुक्याला नागरी नोंदणीचं कार्यालय आहे, तुयेचं पेडण्याला. पोर्तुगालात १९१० मध्ये प्रजासत्ताक आलं, आणि त्यानंतर विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून धर्म न बघता जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंद होऊ लागली. त्याआधी चर्चच्या वह्या होत्या आणि त्या ख्रिस्ती घरांच्या. हिंदू घराने विसाव्या शतकाआधीचा जन्मदाखला शोधणं बहुधा व्यर्थ. पण जी नोंद मिळते ती फार समृद्ध असते. मुलाच्या जन्माच्या पोर्तुगीज नोंदीत आईबापाचं नाव, वय, धंदा, गाव असतं, आणि शिवाय दोन्हीकडच्या आजाआजींची नावं असतात. एका पानावर तीन पिढ्या, त्याही आईकडून आणि बापाकडून. म्हणून छोटा दाखला घेऊन समाधान मानू नका. मूळ नोंदीची संपूर्ण नक्कल मागा, समासातल्या शेऱ्यांसकट. दुरुस्ती, लग्न, नावातला बदल हे सगळं समासात उतरवलेलं असतं, आणि कित्येकदा गाठ तिथेच सुटते. तुमचा पूर्वज १८९० चा असेल तर त्याची स्वतःची नोंद मिळणार नाही. त्याच्या १९१९ मध्ये जन्मलेल्या मुलाची मिळेल, आणि तीत तो बाप म्हणून उभा असेल.

नोंद हाती आली की वाचणं हे वेगळंच प्रकरण. पोर्तुगीज कारकुनाने कोकणी उच्चार कानाने ऐकून रोमी अक्षरांत उतरवलेला असतो. 'एक्स' दिसला तर तो 'श' समजा, शेट आणि शांताराम 'एक्स'ने सुरू होतात. 'क्यू-यू' म्हणजे 'क', केरी तसंच लिहिलेलं सापडेल. शेवटचा 'एम' उच्चारायचा नसतो, तो नाकातला अनुस्वार आहे. तुये, पेडणे, मांद्रे या सगळ्यांच्या शेपटाला तो 'एम' असतो. शेणवी 'सिनाय' होतो, कामत 'कामोतीं' होतो. 'पोरोबो' वाचलं की सावध व्हा, तो प्रभू असेल किंवा परब, आणि या दोन घरांची जात, देव, वाडा सगळंच वेगळं असू शकतं. पुष्कळदा आडनाव नसतंच, नुसतं 'विठू सगुण' असतं, म्हणजे सगुणाचा विठू. मुंबईच्या कारकुनाने त्यातलं शेवटचं नाव आडनाव म्हणून लिहून टाकलं की पुढच्या पिढीला एक नवंच घराणं मिळतं.

जमिनीचे कागद म्हटले की लोकांना एक-चौदाचा उतारा आठवतो. तो काढाच, पण तो १९७० च्या दशकातल्या मोजणीनंतरचा. आणि खरं सांगायचं तर तुयेहून, पेडण्याहून पोटासाठी मुंबईला गेली ती बहुतेक माणसं जमीनवाली नव्हतीच. या तालुक्यात मोठमोठ्या भाटकारांच्या जमिनी आणि त्यांत राहणारे मुंडकार, कसणारी कुळं. मालकाच्या रकान्यात तुमचा पणजा सापडणार नाही. त्याला कुळाच्या आणि इतर हक्कांच्या रकान्यात शोधा, मुंडकारांच्या नोंदवहीत शोधा. १९७५ च्या मुंडकार कायद्यानंतर झालेल्या दाव्यांत घर कुणी बांधलं, कधीपासून राहतात, आधी कोण राहत होतं, अशा जबान्या आहेत. गरीब घराचा इतिहास एवढ्या तपशिलाने दुसरीकडे कुठंही लिहिला गेलेला नाही.

थोडीफार मालमत्ता असेल तर मात्र गोव्यात एक असं साधन आहे जे महाराष्ट्रातल्या शोधकाला ठाऊकच नसतं. पोर्तुगीज दिवाणी संहिता इथे १८७० पासून लागू झाली, आणि तिच्याखाली माणूस गेल्यावर वारसांची इन्व्हेंटरी कोर्टात होई. आजही ती पद्धत २०१२ च्या गोवा वारसा कायद्याखाली चालू आहे. मुलगी, मुलगा, दोघांनाही वाटा, म्हणून लग्न होऊन गेलेल्या बहिणी नवऱ्यांसकट तीत येतात. गाव सोडून गेलेला भाऊही येतो, मुंबईत राहतो असं लिहून, आणि त्याने पाठवलेलं मुखत्यारपत्र जोडलेलं असतं. माझ्या मते परागंदा शाखा शोधण्यासाठी याहून चांगला कागद नाही. घरच्या वंशावळीत 'निपुत्रिक' म्हणून मिटवलेला माणूस इन्व्हेंटरीत चार मुलांसह हजर असतो. नोटरीपुढे केलेले वारसदाखलेही याच जातीचे.

देवस्थानं हे तिसरं दालन. गोव्यातली देवळं महाजनांच्या नियमावलीखाली चालतात, १८८६ ची आणि नंतरची १९३३ ची, आणि त्यानुसार महाजनांच्या याद्या करून ठेवलेल्या असतात. यादीत यायचं तर अमक्याचा मुलगा, तमक्याचा नातू हे दाखवावं लागतं, त्यामुळे पुरुषांची साखळी तीत चांगली मिळते. बायका नसतात. आणि सगळ्या जाती नसतात, हे तर उघडच आहे. ज्यांना महाजनकी नव्हती, पण देवळात मान होता, सेवा होती, त्यांचा माग त्या मानावरून काढावा: शिगम्यात कोणता मान, जत्रेत कोणतं काम. नाशिक, त्र्यंबकेश्वर, गोकर्ण इथल्या तीर्थोपाध्यायांकडच्या वह्यांतही गावाच्या नावाखाली घराणी उतरवलेली असतात. तिथे आडनाव सांगून भागलं नाही तर गावाचं नाव सांगा. आजोबांच्या अस्थी घेऊन १९४० च्या सुमारास कोण गेलं होतं, त्याची सही तिथे असू शकते. पणजीच्या पुराभिलेखागारात, ज्याची स्थापना १५९५ ची, पोर्तुगीज कागदांबरोबर मोडीचाही साठा आहे. तिथे जाताना प्रश्न एकच न्यावा आणि तो नेमका असावा. 'आमचं घराणं शोधायचंय' म्हणून गेलात तर कागदांच्या डोंगरापुढे उभे राहाल.

एक रिकामी जागा आधीच सांगून ठेवतो. १९५४ पासून भारत आणि गोवा यांच्यातली ये-जा आवळली गेली. १५ ऑगस्ट १९५५ ला पेडण्याच्याच पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळीबार झाला, आणि मग सरहद्द जवळजवळ मिटली ती १९ डिसेंबर १९६१ पर्यंत. त्या काळात मुंबईत जन्मलेल्या मुलाची गावाला नोंद झाली नाही, गावात वारलेल्या आईची बातमी मुंबईला उशिरा पोचली, आणि तिच्या तिथीऐवजी बातमी आली तो दिवस श्राद्धाचा ठरला. या सहासात वर्षांतल्या तारखा एकमेकींशी जुळल्या नाहीत तर नवल मानू नका.

आता मुख्य प्रश्न. कागद जमले आणि एकमेकांशी भांडायला लागले, तर?

समजा, पणजोबा विठू. मुंबई पालिकेच्या मृत्यूच्या दाखल्यात १९४८ साल, वय ६०. म्हणजे जन्म १८८८ चा. मुलाच्या तुयेतल्या जन्मनोंदीत, १९१९ मध्ये, बाप विठू, वय २६, आणि आज्याचं नाव सगुण. म्हणजे विठूचा जन्म १८९३ चा. घरात चुलत्याने लिहून ठेवलेली वंशावळ म्हणते: विठूचा बाप राम, विठूचा जन्म शके १८११. इथे बहुतेक जण विचारतात, यातलं खरं कोणतं? त्याआधी दुसरे तीन प्रश्न विचारावेत. हे कुणी सांगितलं, घटनेनंतर किती दिवसांनी सांगितलं, आणि कशासाठी सांगितलं?

वयाचं भांडण तेवढ्यावरच मिटतं. मृत्यूच्या वेळी वय सांगितलं ते चाळीतल्या शेजाऱ्याने, त्याला साठ हा आकडा सोयीचा. जन्मनोंदीतलं वय विठूने स्वतः सांगितलं असेल, पण स्वतःचा जन्मदिवस त्यालाही ठाऊक नव्हता. चुलत्याने शके १८११ कुठून आणलं ते त्याने लिहिलेलं नाही. तिन्ही अदमासच. वहीत '१८८८ ते १८९३ च्या दरम्यान' लिहावं आणि पुढे जावं. शक इसवीत नेताना चैत्रापासून पौषाच्या आसपास ७८ आणि पुढे फाल्गुनापर्यंत ७९ मिळवायचे असतात, हे विसरल्यानेही एक वर्षाचं भांडण उभं राहतं. डिचोलीच्या नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या देवळावर शिवाजी महाराजांच्या जीर्णोद्धाराचा शिलालेख आहे, शके १५९०, कार्तिक वद्य पंचमी. कार्तिक म्हणून ते १६६८. तोच माघ असता तर १६६९ झालं असतं. मोडी कागदांत सुहूर सन असेल तर मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवा. फसली असेल तर साधारण ५९०. आणि शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख दिसली तर ती मास्तरांनी पोराला शाळेत घ्यायला घातलेली असण्याचीच शक्यता जास्त.

बापाच्या नावाचं भांडण मात्र खरं आहे. राम की सगुण? इथे घाईने एकाला खोटं ठरवू नये, कारण दोन्ही खरं असण्याच्या वाटा चार आहेत. विठू दत्तक गेला असेल, जन्माने रामाचा, कागदाने सगुणाचा. किंवा सगुण आणि राम एकच माणूस, एक हाकेचं नाव, दुसरं म्हाळाचं. किंवा चुलत्याच्या वंशावळीत एक पिढी गळली, राम हा आजा असून सगुण मधला. किंवा विठू दोन होते, चुलत भाऊ, दोघांनाही एकाच आज्याचं नाव ठेवलेलं. आपल्याकडे नातवाला आज्याचं नाव ठेवायची रीत असल्याने हे शेवटचं फार घडतं. विठू, त्याचा मुलगा राम, त्याचा विठू, आणि दुसऱ्या भावाच्या घरातही एक विठू.

प्रत्येक वाट वेगळ्या कागदाने तपासता येते. दत्तकाचा संशय असेल तर सुतक कुठल्या घराचं धरतात आणि वाटा कुठल्या घरातून मिळाला ते पाहा, इन्व्हेंटरीत ते उघड होतं. दोन नावांचा संशय असेल तर म्हाळाची नावं विचारा. पिढी गळली असेल तर वर्षं मोजा. एका पिढीला पंचवीस-तीस वर्षं धरतात, रामाची इतर मुलं १८५० च्या आसपासची आणि विठू १८९० चा असेल तर मधे कुणीतरी असलाच पाहिजे. आणि दोन विठू असतील तर बायकोकडे बघा. पुरुषाचं नाव, बापाचं नाव जुळू शकतं, पण बायकोचं माहेरचं नाव, तिचं गाव आणि तिच्या आईबापाची नावं, ही चारी दोन ठिकाणी जुळणं कठीण. गोव्याच्या नोंदींत माहेर मिळतं, हा त्यांचा सर्वांत मोठा गुण. ज्या विठूला तुम्ही नाकारता त्याचाही शेवट शोधा: तो कुठं वारला, त्याची मुलं कुठं गेली. तो दुसऱ्या घरात पक्का बसला की तुमचा आपोआप मोकळा होतो.

मी स्वतः एकदा पाच कागदांच्या जोरावर एका नावाबद्दल निःशंक झालो होतो. शाळेचा दाखला, नोकरीची नोंद, पासपोर्ट, निवृत्तीवेतनाचे कागद, बँकेचं खातं, सगळीकडे आज्याचं नाव एकच. मग ध्यानात आलं की नोकरीने ते शाळेच्या दाखल्यावरून घेतलं, पासपोर्टने नोकरीवरून, आणि पुढचं सगळं तसंच. साक्षीदार पाच नव्हतेच, एकच होता, आणि तो होता शाळेत दाखल करताना काकांनी घाईत सांगितलेलं नाव. तेव्हापासून कागद मोजायचे सोडले. दोन कागदांची मुळं वेगळी आहेत का, ते आधी पाहतो. चर्चची नोंद आणि सरकारी नोंद, म्हाळाचं नाव आणि कोर्टाची इन्व्हेंटरी, असे एकमेकांना न विचारता तयार झालेले दोन कागद जुळले तर ते पाच नकलांपेक्षा मोलाचे. म्हणून वहीत नाव लिहिलं की शेजारी लिहा: कुठल्या कागदातून, कोणत्या पानावर, सांगणारा कोण. तोंडी सांगितलेलं असेल तर सांगणाऱ्याचं नातं आणि तारीख. दहा वर्षांनी तुमचा पुतण्या हे पुढे नेईल तेव्हा त्याला नावांपेक्षा हाच रकाना हवा असेल.

डीएनए चाचणीचं आता बरंच ऐकू येतं. दोन माणसांत रक्ताचं नातं आहे का आणि साधारण किती जवळचं, एवढं ती सांगते. राम की सगुण हे ती सांगणार नाही. दोन शाखांपैकी कुणी एकमेकांना नाकारत असेल, तेव्हा उपयोगी.

एक गोष्ट हळव्या जागेची आहे. पोर्तुगीज नोंदीत कधी कधी बापाच्या जागी 'अज्ञात' असं लिहिलेलं सापडतं आणि मुलाचं नाव आईच्या नावाला जोडलेलं असतं. देवळाच्या सेवेत असलेल्या, गाण्याबजावण्यात आयुष्य काढलेल्या अनेक घरांत हे आहे. राजाराम पैंगीणकरांनी 'मी कोण?' या आत्मचरित्रात त्या समाजाचं जिणं स्वतःच्या नावानिशी उघडपणे मांडलं. तिथून निघून मुंबईत गेलेल्या कितीएक घरांनी पुढे नव्या आडनावाने संसार उभे केले. तुमच्या शोधात असं पान आलं तर ते फाडू नका आणि त्यावर बनावट बाप चिकटवू नका. त्या पानावर आईचं पूर्ण नाव आहे, तिच्या आईचंही आहे. वंशावळ तिथून आईकडून वर न्या. ती तितकीच खरी वंशावळ आहे, आणि कित्येकदा बापाकडच्या वंशावळीपेक्षा जास्त मागे जाते. उलट, पैसे घेऊन दूरदूरच्या ऋषींपर्यंत आणि राजघराण्यांपर्यंत घराणी नेऊन पोचवणारी जी छापील पुस्तकं मिळतात, त्यांतल्या पहिल्या पाचसहा पिढ्यांपलीकडचं काहीही आपल्या वहीत घेऊ नका.

हल्ली पुष्कळ जण हा शोध लिस्बनसाठी करतात. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांची नोंद तिथल्या केंद्रीय नोंदणीत चढवली की पुढे मुलानातवंडांना नागरिकत्वाचा मार्ग मोकळा होतो. ते नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं, हे मात्र आधी नीट समजून घ्यावं. शोधाच्या बाजूने सांगायचं तर तिथे नावातला एका अक्षराचा फरकही अडतो, म्हणून मधली माणसं 'सगळं सारखं करून देतो' म्हणतात. सारखं करायचा सरळ रस्ता कायद्यात आहे. नोंदीतली चूक नागरी नोंदणी कार्यालयातून दुरुस्त होते आणि समासात तसा शेरा पडतो. नाव-आडनाव बदलायला १९९० चा गोव्याचा कायदा आहे. या वाटेने गेल्यावर जुनं नाव पुसलं जात नाही, खाली राहतं, आणि पुढचा शोधक ते वाचू शकतो. बनवलेल्या कागदाने आजचं काम होईल, पण त्याच पानावरून तुमची नातवंडं परक्याला पणजा म्हणतील.

एवढं सगळं झाल्यावर तुयेला या. चवथीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी आलात तर उत्तम, सगळी घरं भरलेली असतात आणि माणसं निवांत असतात. शिवोली-चोपडे पुलावरून आलात तर पार्से लागतं, तिथल्या भगवतीला नमस्कार करून पुढे निघा. दुकानात 'तुयेकरांचं घर' विचारू नका. विचारा, "सगुणाचा विठू मुंबईला गेला होता, त्याची बायको कोरगावची होती. त्या घराचं सुतक इथं कोण धरतं?" एवढं नेमकं विचारलंत की कुणीतरी आत जाऊन म्हातारीला उठवेल. ती आधी तुमचा चेहरा बघेल आणि मग सांगायला लागेल. तिचं बोलणं तिच्याच शब्दांत लिहून घ्या, तुमच्या कागदाशी जुळत नसलं तरी मधे टोकू नका. निघताना तुमच्या वंशावळीची एक प्रत त्या घरात ठेवा. जिथे राम की सगुण हे अजून ठरलेलं नाही तिथे दोन्ही नावं शिसपेन्सिलीने लिहा, आणि खाली तुमचा पत्ता.